चित्रपटाची उमेदवारी



'उमेदवारी' हा शब्द हल्ली निवडणुकीच्या हंगामातच काय तो आपल्या कानी पडतो. परंतु आमच्या वडील पिढीच्या तोंडी त्याचा अर्थ निराळा होता. कचेरीत, वकिलाच्या हाताखाली, छापखान्यात अथवा सोनाराच्या दुकानी एखादा मुलगा प्रारंभी काही काळ बिनपगारी किंवा अल्प मोबदल्यावर राही, पडेल ते काम करी, पाहून पाहून शिके आणि मग कायमच्या जागेवर चढे. त्या काळास उमेदवारी म्हणत. आज आमचे तरुण त्याच गोष्टीस 'इंटर्नशिप' म्हणतात. नाव बदलले, वस्तू तीच आहे. आणि तिच्यातील गुणदोषही तेच आहेत.

आज मला ज्या उमेदवारीविषयी बोलावयाचे आहे ती चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या निर्मितीतील होय. आणि तीही विशेषतः अशा ख्रिस्ती तरुणांच्या दृष्टीने, की ज्यांस या कलेच्या द्वारे आपल्या श्रद्धेचे काही बोलून दाखवावे अशी तळमळ असते. विषय मूठभर लोकांचा दिसेल. परंतु आपले मूल एखाद्या नव्या धंद्यात घालावे की नाही या चिंतेत असलेल्या कोणाही आईबापांस त्यातील पुष्कळ भाग लागू पडेल, असा माझा समज आहे.

हा विषय मला सुचला तो एका घरगुती प्रसंगावरून. मी वारज्यास राहतो. आमच्या मंडळीतील एक गृहस्थ रिक्षा चालवितात. त्यांचा मुलगा बारावी झालेला. नाताळच्या दिवसांत मंडळीच्या मुलांनी केलेले नाटक त्याने मोबाइल फोनवर चित्रित केले, ते सर्वांस आवडले, आणि आपण निर्माता व्हावे असे त्याच्या मनाने घेतले. पुढे त्यास कोठेशी एक जाहिरात आढळली. ख्रिस्ती तरुणांस चित्रपटनिर्मितीचे सहा महिन्यांचे शिक्षण आणि प्रत्यक्ष कामाची संधी मिळेल, शुल्क चाळीस हजार रुपये, असा तिचा मजकूर होता. जाहिरातीच्या मथळ्यावर बायबलातील वचन होते. बापाने रिक्षाच्या हप्त्यांसाठी राखून ठेवलेले पैसे भरले. चार महिने मुलाने पेट्या उचलल्या, चहा आणला, दारे उघडली आणि लावली. कॅमेऱ्यास त्याचा हात लागला नाही. पाचव्या महिन्यात त्या कार्यालयास कुलूप दिसले.

एके दिवशी उपासना संपल्यावर बाप मजजवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, पैसे गेले ते गेले. मला एवढंच सांगा, पोराला ह्या नादातून काढू का ठेवू?"

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. कामाची चौकशी केली, जुनी पुस्तके चाळली, या धंद्यातील दोघाचौघांस भेटलो. त्यातून जे हाती आले तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम निर्माता म्हणजे कोण, हे समजून घेतले पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी असते की, ज्याच्या खिशात पैसा तो निर्माता. ही समजूत अपुरी आहे. नटांकडून काम करवून घेणारा तो दिग्दर्शक, चित्र टिपणारा तो छायालेखक, टिपलेल्या तुकड्यांची नीट जुळणी करणारा तो संकलक, आणि आवाजाची जबाबदारी वाहणारा तो ध्वनिलेखक. या सर्वांस एका कामावर आणून, त्यांच्या मजुरीची, जेवणाची व प्रवासाची तजवीज करून, ठरल्या दिवसांत व ठरल्या खर्चात चित्र पुरे करवून घेणारा आणि ते लोकांपर्यंत पोहोचविणारा तो निर्माता. गोष्टीची निवड, खर्चाचा अंदाज, करारपत्रे, चित्रणाच्या जागेची परवानगी, हिशेब, आणि शेवटी १९५२ च्या चलच्चित्र कायद्यान्वये प्रमाणपत्र मिळविणे, हे सर्व त्याच्या माथी असते. लग्नघरातील कर्त्या पुरुषासारखी त्याची स्थिती असते. पंक्ती उठेपर्यंत त्याने स्वतः जेवावयाचे नसते.

यातच कायद्याची एक बाब सांगून ठेवतो, कारण भाविक माणसे तिकडे हटकून दुर्लक्ष करतात. भजन देवाचे असले तरी त्याचे हक्क माणसाचे असतात. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षेपर्यंत त्याच्या काव्यावर हक्क चालतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले शब्द आज कोणीही घ्यावेत. परंतु त्यांस कोणी अलीकडे लावलेली चाल किंवा कोणी केलेले ध्वनिमुद्रण, यांचे हक्क निराळे असतात. बायबलाच्या अलीकडच्या भाषांतराचीही तीच गोष्ट. परवानगीवाचून घेतलेले पवित्र वचनदेखील परक्याच्या झाडावरचे फळच होय. हे ज्यास कळत नाही, तो निर्माता होण्यापूर्वीच अडचणीत सापडावयाचा.

आता उमेदवारीकडे वळू. आपल्या देशात चित्रपटाच्या धंद्याचा आरंभच मुळी एका उमेदवारीने झाला, आणि तिचे मूळ ख्रिस्तचरित्रात आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. छायाचित्रण व छपाई या दोन्ही धंद्यांत त्यांनी हात घातला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. एका धर्माच्या भक्तिकथेने दुसऱ्या धर्माच्या भक्तास हात दिला, आणि त्यातून आपल्या चित्रसृष्टीचा जन्म झाला.

परंतु दृष्टांत झाला म्हणून फाळके दुसऱ्या दिवशी चित्र काढावयास धावले नाहीत. मिळेल ते चित्र त्यांनी पाहिले. इतके, की काही काळ डोळे निकामी झाले. विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी प्रथम त्यांस या फंदात न पडण्याचाच सल्ला दिला. परंतु त्यांचा निर्धार पाहून सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांचे कलागृह वॉल्टन येथे होते. त्यांनी या अनोळखी हिंदी गृहस्थास आपल्या कारखान्याचे सर्व विभाग मोकळ्या मनाने दाखविले. फाळक्यांची विलायतेतील उमेदवारी अवघी काही दिवसांची. येताना त्यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा विकत घेतला.

परत आल्यावर त्यांनी काय केले, हे प्रत्येक उमेदवाराने लक्षात ठेवावे. प्रथमच मोठे चित्र न काढता त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, आणि त्याचा वेल कसा वाढतो हे दिवसेंदिवस थोडे थोडे टिपले. ते छोटेसे चित्र भांडवलदारांस दाखविले आणि मग पैसा उभा केला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. या सर्व खटाटोपात सरस्वतीबाई फाळके यांनी साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला छिद्रे पाडण्यापर्यंतची कामे शिकून घेतली. उमेदवारी घरातही करता येते, ती अशी.

या कथेतून तीन गोष्टी निघतात. शिकविणाऱ्याने शुल्काकडे न पाहता आपला कारखाना उघडा केला. शिकणाऱ्याच्या अंगी आधीपासून छायाचित्रण व छपाई यांची तयारी होती, म्हणून थोडे दिवस त्यास पुरले. आणि शिकून आल्यावर त्याने प्रथम एक लहान, साधे, संपूर्ण काम हातावेगळे केले.

फाळक्यांच्या मागून कोल्हापूरकरांनी ही परंपरा वाढविली. बाबुराव पेंटर हे मूळचे चित्रकार. यंत्र मिळेना तेव्हा दामल्यांच्या साह्याने त्यांनी स्वतःच कॅमेरा घडविला, आणि १९१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. ती कंपनी म्हणजे एक गुरुकुलच होते. दामले, फत्तेलाल आणि शांताराम वणकुद्रे तेथेच तयार झाले. पडदे रंगवा, सामान वाहा, फिल्म धुवा, वेळ पडल्यास तोंडाला रंग लावून उभे राहा, असे तेथील शिक्षण होते. याच मंडळींनी आणखी दोघांसह १९२९ साली 'प्रभात' काढली आणि १९३३ साली ती पुण्यास आणली. 'प्रभात'नेही पुढच्या पिढीस उमेदवारी दिली. गुरुदत्त १९४४ साली तेथे तीन वर्षांच्या करारावर आले, आणि १९४६ च्या 'हम एक हैं' या चित्रपटाचे नृत्यदिग्दर्शन त्यांनी केले. पुढे त्यांनी स्वतःची चित्रे निर्माण केली, तेव्हा हीच शिदोरी त्यांस उपयोगी पडली.

'प्रभात' १९५३ साली बंद पडली. तिच्याच जागेवर १९६० साली भारत सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली, आणि १९७४ साली दूरचित्रवाणीचे शिक्षणही तेथे आले. जेथे उमेदवार राबले तेथेच शाळा भरली. आमच्या वारज्याच्या माळवाडीहून कर्वे रस्त्याने नळस्टॉप गाठावा आणि तेथून विधि महाविद्यालयाच्या रस्त्यास लागावे, की ही संस्था येते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले जेथे यावयास धडपडतात, ते ठिकाण आमच्या मुलाच्या घरापासून सायकलीच्या टप्प्यात आहे. आणि त्याच्या बापाने पैसे भरले ते एका जाहिरातीवर विसंबून! हा अज्ञानाचा दोष त्याचा नव्हे. मंडळीतील मजसारख्या चार बुके शिकलेल्या माणसांचा आहे.

या संस्थेतील चित्रपट शाखेचे मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचे व दूरचित्रवाणी शाखेचे एक वर्षाचे राहत आले आहेत. प्रवेशास पदवी लागते आणि देशभर परीक्षा होते. जागा थोड्या, मागणी फार. परंतु २०१७ पासून संस्थेने काही दिवसांचे वा आठवड्यांचे छोटे वर्गही चालविले आहेत, आणि ते निरनिराळ्या गावी भरविले आहेत. त्याच रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेला राष्ट्रीय चित्रपट संग्रह आहे. या दोन संस्था मिळून चित्रपटाच्या रसग्रहणाचा वर्ग भरवीत आल्या. प्राध्यापक सतीश बहादूर यांच्यासारख्या शिक्षकांनी चित्र कसे पाहावे हे तेथे शिकविले. ज्यास पाहता येत नाही त्यास दाखविताही येत नाही, हे तत्त्व जितके वर्गशिक्षकास लागू आहे तितकेच निर्मात्यासही आहे.

येथे कोणी विचारील, या सरकारी संस्था सर्वांच्या झाल्या. ख्रिस्ती लोकांनी स्वतःची म्हणून काही तयारी केली की नाही? केली आहे, आणि ती उपेक्षणीय नाही. रोमन कॅथलिक चर्चचे प्रमुख, अकरावे पायस, यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी एक विस्तृत पत्रक काढले. त्याचा रोख मुख्यतः हीन चित्रांपासून लोकांस जपण्याकडे होता. पुढे १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने जो ठराव केला त्यात मात्र एक पाऊल पुढे पडले. केवळ वाईट चित्रे टाळून भागणार नाही. चांगली काढणारी माणसे शिकवून तयार केली पाहिजेत, त्यासाठी शाळा काढल्या पाहिजेत, असे त्यात सांगितले आहे. बाधेपासून जपणे हे वैद्याचे निम्मे काम. शरीर बळकट करणे हे दुसरे निम्मे.

त्यानंतर आपल्या देशात कामास वेग आला. १९६९ साली मुंबईत सेंट झेवियर महाविद्यालयाच्या आवारात जेझुइटांची संज्ञापनसंस्था निघाली. वृत्तपत्र, जाहिरात, चित्रपट व दूरचित्रवाणी यांचे शिक्षण ती देते. आणि ते कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्यास देते. १९७० साली कलकत्त्यास फादर गास्ताँ रोबेर्झ या कॅनडाहून आलेल्या जेझुइटाने 'चित्रबाणी' हे केंद्र काढले. त्या कामी सत्यजित राय यांचे साहाय्य त्यांस लाभले. फादर रोबेर्झ २०२० साली वारले. त्यांनी बंगालच्या तरुणांस चित्रपट वाचावयास शिकविला, तो कोणास ख्रिस्ती करण्यासाठी नव्हे. अमेरिकेतही १९९९ साली हॉलिवुड येथे 'अॅक्ट वन' नावाची संस्था निघाली. ख्रिस्ती लेखक व निर्माते यांस मुख्य धंद्यातच मानाने काम करता यावे, यासाठी जाणत्या लोकांकडून त्यांस शिकवावे, हा तिचा हेतू होता. या तिन्ही उदाहरणांचा इत्यर्थ एकच. ज्यांनी विचारपूर्वक शिक्षण दिले, त्यांनी वेगळी चूल मांडली नाही. आधी उत्तम कारागीर व्हा, मग तुमची श्रद्धा तुमच्या कामातून आपोआप बोलेल, असेच त्यांनी सांगितले.

याउलट चालणाऱ्या माणसाचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. विषय पवित्र असला म्हणजे काम कसेही चालेल, अशी एक आळशी समजूत आम्हां भाविक लोकांत आढळते. खेड्यापाड्यांतून ख्रिस्ताची चित्रे दाखविण्याची चाल जुनी आहे. १९७८ साली तेलुगूत निघालेला 'करुणामयुडु' हा चित्रपट हिंदीत 'दयासागर' नावाने गावोगाव पडदे लावून दाखविला गेला आणि लोकांनी तो डोळ्यांत पाणी आणून पाहिला. १९७९ चा 'जीझस' हा इंग्रजी चित्रपट तर दोन हजारांहून अधिक भाषांत गेला आहे. दोन्हींत परिश्रम आहेत. परंतु परभाषेतून आलेले चित्र मराठीत बोलू लागले की ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरेच बोलतो. नगर जिल्ह्यातील एका खेड्यात मी असे चित्र पाहत असता शेजारच्या म्हातारबाई म्हणाल्या, "येशू लई मोठ्या सायबावाणी बोलतोय." त्यांनी ते भक्तीनेच म्हटले, परंतु मला ते लागून राहिले. जो सुताराच्या घरी वाढला, कोळ्यांत आणि शेतकऱ्यांत वावरला, तो आमच्या म्हातारीस साहेब वाटावा, हा दोष कोणाचा?

आमच्या भाषेत या कामाची उणीव मुळीच नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी येथील भाषा आत्मसात केली, येथील पुराणांची धाटणी पाहिली, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते छापून निघाले १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली. एवढी दीर्घ उमेदवारी केल्यावर त्या परदेशी पुरुषाच्या लेखणीतून मराठी ओवी उतरली. टिळकांच्या काळी अहमदनगरकडील ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाची पद्धत उचलली होती. आणि कीर्तनकार तरी कसा तयार होतो? आधी मागे उभा राहून टाळ धरतो, मग ध्रुपद उचलतो, मग कोठे पुढे उभा राहतो. हीसुद्धा उमेदवारीच.

चित्रपटातही याचा दाखला आपल्या पुण्यातच आहे. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ साली निघाला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची गणना उत्तम चित्रांत झाली. त्यासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग तर इतका साधला, की तो तुकोबांचाच असे पुष्कळांस वाटले. हे भक्तीने झाले, पण केवळ भक्तीने झाले नाही. भाषेचा व्यासंग, संगीताची जाण, आणि कोल्हापुरात वर्षानुवर्षे केलेली हमाली, ही तिच्या पाठीशी होती. पुढे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'वर विजया मेहता यांनी दूरचित्रवाणीसाठी चित्र केले. आमच्या घरची गोष्ट पडद्यावर आली ती रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या एका बाईंच्या हातून. त्यांचे काम त्यांस येत होते, हीच त्यांची पात्रता. ज्यास कोणास मराठीत ख्रिस्ताची गोष्ट सांगावयाची आहे, त्याने 'दयासागर' जसा पाहावा तसाच 'संत तुकाराम'ही दहादा पाहावा.

आता व्यवहाराकडे येतो. खरी उमेदवारी आणि खोटी उमेदवारी कशी ओळखावी? मी ज्या जाणत्या माणसांस विचारले त्यांच्या सांगण्यावरून आणि माझ्या अल्प बुद्धीने पुढील कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी पैशाची. शाळेत शुल्क द्यावे लागते हे रास्त आहे, कारण तेथे आपण विद्यार्थी असतो. परंतु कामावर ठेवणारा जर उमेदवाराकडूनच पैसे मागत असेल, तर तेथे पाऊल टाकू नये. आपल्या देशात १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, आणि त्याखाली नोंदलेल्या उमेदवारास मालकाने विद्यावेतन द्यावयाचे असते. चित्रपटाचे प्रत्येक लहान कार्यालय त्या कायद्याच्या कक्षेत येते असे नाही. परंतु त्यातील न्याय सर्वत्र लागू आहे. राबणाऱ्याने देऊ नये, घ्यावे. निदान प्रवासखर्च आणि दोन वेळचे जेवण तरी घ्यावे.

दुसरी कसोटी गुरूची. 'संस्था शिकवील' या उत्तरावर समाधान मानू नये. कोण शिकविणार, त्याचे नाव काय, त्याने पुरी केलेली कामे कोणती, ती कोठे पाहावयास मिळतील, हे विचारावे. ज्याचे स्वतःचे काम दाखविण्याजोगे नाही, त्याच्या हाताखाली काय शिकणार?

तिसरी कसोटी कामाची. चहा आणणे व पेट्या उचलणे यात कमीपणा नाही. मोठमोठ्यांनी ते केले आहे. परंतु महिना दोन महिन्यांनी काम बदलले पाहिजे. आज पेटी उचलली, उद्या तिच्यातील भिंग पुसावयास मिळाले, परवा चित्रणाची टिपणवही लिहावयास मिळाली, असे झाले तर ती उमेदवारी. वर्षअखेर हातात पेटीच राहिली, तर ती वेठबिगार.

चौथी कसोटी कागदाची. किती महिने, किती तास, काय मोबदला, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, आणि चित्राच्या नामावळीत उमेदवाराचे नाव येणार की नाही, हे लिहून घ्यावे. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाकडून कागद मागू नये, असा एक भोळा संकोच आमच्यात आहे. तो टाकून द्यावा. सचोटीच्या माणसास कागदाचे भय नसते. मथळ्यावरील वचन हा करार नव्हे.

पाचवी कसोटी अभ्यासाची. उमेदवारीपायी पदवी सोडू नये. निर्मात्यास हिशेब, कायदा आणि भाषा या तीन गोष्टी अवश्य आल्या पाहिजेत, आणि त्या कॅमेऱ्याजवळ उभे राहून येत नाहीत. हिशेबाची वही ज्यास लिहिता येते, त्यास कोणत्याही कंपनीत जागा मिळते. मराठी ज्यास नीट लिहिता येते, त्याची आपल्याकडे वाण आहे.

आणि शेवटची एक गोष्ट, जी कसोटीपेक्षा अधिक आहे. श्रद्धावान उमेदवाराची ओळख त्याच्या विषयावरून पटत नाही, त्याच्या वागणुकीवरून पटते. म्हातारीचे चित्र टिपण्यापूर्वी तिची परवानगी घेतली काय? गरिबाचे दुःख दाखविताना त्याची अब्रू राखली काय? मजुरांचे पैसे ठरल्या दिवशी दिले काय? खोटा चमत्कार रंगविला नाही ना? देवाचे नाव घेऊन काढलेल्या चित्रात दिवे धरणाऱ्या मुलाची मजुरी बुडाली, तर त्या चित्रातील साऱ्या प्रार्थना व्यर्थ होत. उलट एखाद्याने विहिरीवर, शाळेवर किंवा शेतीवर खरेपणाने चित्र काढले, तर त्यात ख्रिस्ताचे नाव एकदाही न येवो. तेही धर्मकार्यच होय, असे मी म्हणेन.

आमच्या मंडळ्यांनीही या बाबतीत काही करण्यासारखे आहे. एखाद्या मुलास देवशास्त्र शिकावयास पाठवावयाचे तर आम्ही वर्गणी काढतो. वर्षास एखाद्या होतकरू मुलास चित्रपटाच्या लहान वर्गाचे शुल्क द्यावे, त्याच्या करारपत्रावर मंडळीतील एखाद्या वकिलाने नजर फिरवावी, आणि त्याने केलेले पहिले लहान चित्र उपासनेनंतर सर्वांनी बसून पाहावे व मोकळ्या मनाने दोष सांगावेत. एवढे केले तरी एखादा बाप रिक्षाचे हप्ते जाहिरातवाल्याच्या हाती देणार नाही.

त्या बापास मी पुढे काय सांगितले, हे ऐकण्याची आपणांस उत्सुकता असेल. मी म्हटले, "त्याला यातून काढू नका. पण यापुढे शिकण्यासाठी शाळेवाचून कोणालाही एक पैसा देऊ नका." मुलाने आता मराठी विषय घेऊन पदवीच्या वर्गात नाव घातले आहे. सुटीच्या दिवशी तो लग्नाची चित्रे काढणाऱ्या एका गृहस्थाकडे दिवे धरावयास जातो. दिवसाचे पाचशे रुपये आणि जेवण मिळते. त्या गृहस्थाचा धर्म निराळा आहे. परंतु तो प्रकाश कोठून व का टाकावयाचा हे समजावून सांगतो, आणि दर खेपेस मुलास थोडे नवे काम देतो. हेपवर्थने फाळक्यांस जे दिले, ते आमच्या मुलास एका मंगल कार्यालयात मिळत आहे.

गेल्या महिन्यात त्याने मला एक लहानसे चित्र आणून दाखविले. सारे मिळून चार मिनिटांचे. त्याचा बाप पहाटे उठतो, रिक्षा पुसतो, डोके लववून क्षणभर उभा राहतो आणि गल्लीतून बाहेर पडतो. बस्स, इतकेच. आवाज जरा खरखरीत आला आहे आणि शेवटी चित्र किंचित हलते. मी ते दोन्ही दोष त्यास सांगितले. त्याने ते वहीत लिहून घेतले. फाळक्यांचा वाटाणाही प्रथम एका कुंडीतच उगवला होता.